तानपुऱ्याची फायबर केस दुरुस्तीला देताय? आधी हे वाचा

माझी बहीण गाते, तिच्या तानपुऱ्याची फायबरची केस रेल्वेत कुणीतरी वरून बॅग टाकल्यामुळे भोपळ्याच्या (खालच्या गोल भागाच्या) बाजूला चांगली वीतभर तडकली होती. नवीन केस महाग म्हणून पुण्यात एकाकडे दुरुस्तीला दिली, ओळखीतून नंबर मिळालेला, बोलायला एकदम गोड, "ताई, आतून फायबरचे तीन थर देतो, दहा वर्षं बघायला नको." सांगितले ३८००, त्यातले २००० आधीच जीपेवर घेतले. आणि वर "तानपुरा पण ठेवून जा, मापाला लागतो" म्हणाला. बहिणीने साफ नाही सांगितलं, माप टेपने घेऊन दिलं, आणि ते किती बरं झालं हे पुढे कळेलच.

केस परत आली तेव्हा दिसायला नवी कोरी. बाहेरून काळा चकचकीत रंग, आत नवीन लाल मखमल, तडा कुठे होता तेही सापडेना. वास मात्र एवढा की डोकं दुखायचं, तो म्हणे दोन दिवसात जाईल. उरलेले पैसे देऊन मोकळे झालो.

नंतर मिरजेला उरुसातल्या संगीत सभेला गेलो, दर्ग्यात थोर गायक अब्दुल करीम खाँ साहेबांच्या स्मरणार्थ होते ती. स्टेशनवर केस हँडलला धरून उचलली आणि कटकन आवाज आला, बरोबर त्याच जागी केस उघडली आणि तानपुरा आतल्या आत खाली आदळला. भोपळ्याला अगदी बारीक चीर. बहीण तिथेच प्लॅटफॉर्मवर बसून रडायला लागली, गुरुजींनी दिलेला तानपुरा आहे तो.

नशीब मिरजेत होतो. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तिथे पिढ्यानपिढ्या हेच काम करणारी घरं आहेत. एका वयस्कर कारागिरांनी मखमल एका कोपऱ्यातून सोडवली आणि आम्हाला जवळ बोलावून दाखवलं. फायबरचा एक धागा नाही हो आत! गाड्यांचे डेंट भरतात ती पुट्टी थापलेली, नखाने खरवडली तर खडूसारखी भुगा होऊन पडत होती. ते म्हणाले पुट्टी फक्त खड्डा भरते, तिला ताकद नसते. खरं काम म्हणजे तड्याच्या दोन्हीकडे आतून दोन-तीन इंच पॉलिश पेपरने घासून खरखरीत करायचं, त्यावर फायबरची मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर लावून थरावर थर बसवायची, पूर्ण सुकू द्यायची आणि मग अस्तर. इथे अस्तर लावलंच होतं ते सगळं झाकायला. बरं, जुने पितळी खटके पण गायब, त्या जागी पत्र्याचे, वरून पितळी रंग दिलेला. तानपुरा ठेवला असता तर त्याची घोडी (तारा टेकतात ती पट्टी) आणि खुंट्या तरी जागेवर राहिल्या असत्या का, मला खरंच शंका आहे. आणि तो वास म्हणजे मखमलीखालचा गोंद, न सुकताच तानपुरा आत ठेवला गेल्याने दांडीचं लाखेचं पॉलिश एका बाजूने चिकट झालंय.

त्या माणसाला फोटो पाठवले तर आधी "तुम्हीच आपटली असेल", मग ब्लॉक. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली आहे, जीपेचा स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज जोडून, कारण "तीन थर फायबर" हे त्याने लिहून दिलं होतं, तेवढं एक हातात आहे.

तर कृपा करून कुणीही केस दिली तर अस्तर लावायच्या आधी आतला फोटो मागा, शक्य असेल तर स्वतः जाऊन बघा, मॅटचे धागे रेझिनमधून स्पष्ट दिसतात. द्यायच्या आधी खटके-बिजागऱ्यांचे फोटो काढून ठेवा. उरलेले पैसे केस हातात घेऊन, आत वाद्याएवढ्याच वजनाचं काहीतरी ठेवून, उचलून बघितल्यावरच द्या. वाद्य मात्र सोबत ठेवू नका, कितीही गोड बोलला तरी. आणि ज्यांनी अशी मखमल लावलेली केस नुकतीच करून घेतली आहे त्यांनी पुढच्या कार्यक्रमाला निघायच्या आधी एक कोपरा सोडवून बघाच.