दट्ट्यांची पेटी आणि आमच्या लेकीची बालवाडी

मी सुतारकाम करतो. सावंतवाडीत दारं, खिडक्या, कपाटं, देव्हारे. बाबा लेथवर भोवरे आणि लाटणी काढायचे, ती चितार आळीतल्या दुकानांत जायची. त्यामुळे गेल्या मे महिन्यात लेकीसाठी बालवाडी बघायला गेलो तेव्हा भिंतीवरच्या चित्रांकडे माझं लक्षच गेलं नाही. मी फळीवर ठेवलेलं लाकूड हातात घेऊन बघितलं. बाई काही बोलल्या नाहीत, बघू दिलं.

बालवाडीचं नाव इथे लिहीत नाही. बाईंना विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या. जुन्या घराचा एक सोपा आणि त्याला लागून एक खोली, एवढीच जागा आहे. मुलं बावीस, बाई दोन. त्याहून जास्त मुलं घ्यायची त्यांची तयारी नाही. वर्षभर लेक तिथे जाते आहे, तेव्हा आता मनापासून लिहावंसं वाटलं.

माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर काढलं, त्या पद्धतीचं बरंचसं सामान इथे आहे. त्यातली दट्ट्यांची पेटी मला सगळ्यात आवडली. लाकडाचा एक लांबट ठोकळा, त्यात दहा गोल भोकं, आणि प्रत्येक भोकात बसणारा एक दट्ट्या. दट्ट्याला वर छोटी मूठ. ती पकडायला अंगठा आणि दोन बोटंच लागतात, पुढे पेन्सिल धरायला लागतात तीच. अशा चार पेट्या असतात. एका पेटीत दट्टे फक्त जाडीने कमी होत जातात, एकीत फक्त उंचीने, एकीत जाडी आणि उंची दोन्हींनी, आणि चौथीत जाडी कमी होते तशी उंची वाढते. जाडीतला फरक पाच मिलिमीटरचा, आमच्या भाषेत दीड सुताहून किंचित जास्त. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

सगळे दट्टे काढून चटईवर मिसळायचे आणि परत बसवायचे, एवढंच काम. जाडी बदलते त्या पेट्यांत मोठा दट्ट्या लहान भोकात जातच नाही. लहान दट्ट्या मोठ्या भोकात जातो, पण खडखडतो. ते कानाआड केलं तर शेवटी एक जाड दट्ट्या हातात उरतो आणि समोर एक बारीक भोक. मग मूल थांबतं, मागे जातं, एकेक दट्ट्या हलवून बघतं. बाई दोन हात लांब बसलेल्या असतात, पण "चुकलं" म्हणत नाहीत. चुकलं हे लाकूडच सांगतं. आम्ही चौकटीला झडप बसवतो तेव्हा तरी दुसरं काय होतं? झडप घासते आणि कुठे घासते तेही सांगते. मला हे उस्तादाच्या हाताखाली चौदाव्या वर्षी कळलं. लेकीला साडेतीनव्या वर्षी कळत होतं. एकदा जरा लवकर आणायला गेलो तर ती एक दट्ट्या फिरवून फिरवून बघत होती. मला बघून म्हणाली, "बाबा, ह्या हंय बसणा नाय." आणि तो बाजूला ठेवून दुसरा उचलला. रडली नाही, माझ्या हातातही दिला नाही.

पावसाळ्यात मात्र अडचण आली. बालवाडीचा संच बाहेरून मागवलेला होता. आषाढात इथली हवा किती ओली असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. लाकूड फुगलं आणि दोन पेट्यांमधले दट्टे अडकून बसले. मुलं मुठी ओढत होती, एक मूठ तर उपटूनच हातात आली. बाईंनी सांगितल्यावर मी पेट्या घरी आणल्या. पॉलिशपेपर मारून दट्टे बारीक केले असते तर तेव्हा निघाले असते, पण उन्हाळ्यात लाकूड आकसल्यावर सगळेच खडखडले असते. मग कुठला दट्ट्या कुठला हे मुलाला कळणार कसं? पेटीचा सगळा अर्थ त्या पाव सुताच्या आतल्या फटीत आहे. शेवटी एका जुन्या घराच्या चौकटीचं सागवान माझ्याकडे होतं, त्यातून एक पेटी नवीन केली. सागवान मुळातच कमी फुगतं-आकसतं, आणि हे तर जुनं, पुरतं वाळलेलं. मुलं तोंडात घालतात म्हणून रंग दिला नाही, चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश, तेही दोनच हात. यंदा जुलैत ती पेटी काय करते बघायचं आहे.

याआधी लेक चार महिने दुसऱ्या एका ठिकाणी जात होती. तिथेही "हाताने शिकणं" होतं, आणि त्याचा गाजावाजा पुष्कळ होता. सत्र संपलं तेव्हा घरी एक फाईल आली. त्यात कापसाची मेंढी, आईस्क्रीमच्या काड्यांचं घर, ठशांचं फुलपाखरू. दिसायला छान. पण शेजारच्या मुलाची फाईल उघडली तर तीच मेंढी, तेवढाच कापूस, डोळे त्याच जागी. लेकीला विचारलं, ही तू केलीस? ती म्हणाली, टीचरनी केली, मी बोट लावलं. वर आम्हाला सांगण्यात आलं की हिचा हात स्थिर नाही. बायको त्या रात्री जेवली नाही. मलाही फार लागलं ते. हाताला काही करूच दिलं नाही तर तो स्थिर होणार कधी?

इथे पहिल्या आठवड्यात तिला दिलं काय, तर दोन छोटे गडू आणि तांदूळ. एकातून दुसऱ्यात ओतायचे. ते जमलं की बारीक मोहरी, ती जमली की पाणी. पाण्यासाठी काचेचे पेले आहेत. मला आधी ते पटलं नव्हतं. प्लास्टिकचे का नाही, असं मी विचारलंही. बाई म्हणाल्या, "प्लास्टिकचा पडला तर काहीच होत नाही, मग जपून धरायचं कशाला?" वर्षात लेकीच्या हातून एक पेला फुटला. बाईंनी आधी सगळ्यांना लांब केलं, काचा स्वतः भरल्या, आणि सांडलेलं पाणी पुसायला फडकं तिच्या हातात दिलं. आता घरी ती पेला दोन हातांनी धरून आणते आणि वाटेत कुणाशी बोलत नाही. बोथट सुरीने केळं कापते, लसूण सोलते. सोललेल्या पाकळ्या ओळीने लावून ठेवते, मग आई हाक मारते तेव्हाच उठते.

एक गोष्ट खटकली आणि ती मी बाईंना त्याच दिवशी सांगितली. निवडण्याच्या ताटात काजूबिया, रिठे, चिंचोके, शिंपल्या असतात. मुलं वाट्यांमध्ये वेगवेगळ्या करतात. त्यात एका दिवशी गुंजा दिसल्या. लाल, काळ्या टोकाच्या, कुठल्याही मुलाचा हात आधी तिकडेच जाईल. पण गुंज विषारी. अख्खी गिळली तर एक वेळ तशीच बाहेर पडेल, पण दाताखाली फुटली तर जिवावर बेतू शकतं. बाईंनी ऐकून घेतलं, ताट तिथल्या तिथे उचललं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पालकांना सांगून टाकलं की आमच्याकडून हे राहून गेलं होतं. असं मोकळेपणाने सांगणारे मी कमी बघितलेत. तरीही जे पालक घरी असं ताट मांडतील त्यांनी गुंजा घेऊ नयेत, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला चिंचोकेही देऊ नयेत, घशात अडकतात.

बिया-शिंपल्यांची ही पद्धत बाईंच्या मनची नाही, तिला मोठी परंपरा आहे. त्यांच्या कपाटावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा फोटो आहे. पालकसभेत बाईंनी सांगितलं तेव्हा मला कळलं, की या दोघींनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांवर परदेशी सामान कुठून आणणार? म्हणून दगड, पानं, बिया, काड्या, माती हेच सामान झालं. मुलं शाळेत येईनात तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणात. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, तो तिथला. माझी धाकटी बहीण गावच्या अंगणवाडीत शिकली. त्या शब्दामागे कुणीतरी अंगणात जाऊन बसलं होतं, हे ऐकून मला भरून आलं.

आता लोक विचारतात तो प्रश्न. शेजारी म्हणतात, वर्ष झालं, हिला अजून एबीसीडी लिहिता येत नाही. नाही येत. इथे मराठी अक्षरं आहेत, तीही आधी बोटाने. पुठ्ठ्यावर पॉलिशपेपरचं कापलेलं अक्षर चिकटवलेलं असतं, मूल त्यावरून दोन बोटं फिरवतं आणि आवाज म्हणतं. आधी ८० नंबरचा कागद वापरला होता, लेकीची बोटं लाल व्हायची. मी १८० नंबरचा नेऊन दिला, खरखर कळते आणि कातडी सोलत नाही. "ग" आणि "म" तिने डोळे मिटून ओळखले ते माझ्यासमोर. परवा भिजलेल्या अंगणात काडीने "म" काढला, कुणी सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना मी एवढंच सांगतो की थोडं थांबा.

कमी काय आहे तेही लिहितो. खेळायला मैदान नाही, मागे एक आंब्याखालची जागा, ती पावसात चार महिने बंद. धावणारं, उड्या मारणारं मूल असेल तर त्याला तीन तास चटईवर बसणं जड जाईल. आमच्या ओळखीतला एक मुलगा रमला नाही आणि त्याच्या आईने त्याला काढलं ते बरोबरच केलं. प्रत्येक सामान एकेकच आहे, त्यामुळे थांबावं लागतं. लेक गुलाबी मनोऱ्यासाठी सुरुवातीचे काही दिवस रोज घरी येऊन तक्रार करायची. मनोरा म्हणजे दहा घन, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. पण थांबणंही ती तिथेच शिकली, म्हणून याला मी पूर्ण दोष म्हणत नाही. संडास एकच आणि तो मोठ्यांच्या मापाचा, हे मात्र बदलायलाच हवं. मी लाकडी पायरी करून दिली आहे, पण ती तात्पुरती सोय झाली.

फी महिना ९०० रुपये, सामानाचे वेगळे पैसे नाहीत. वेळ नऊ ते बारा. डबा घरचा, आणि तो मुलं स्वतः उघडतात, म्हणून झाकण सैल असलेला डबा द्या.

ज्यांना बघायला जायचं आहे त्यांनी दहाच्या सुमारास जावं. तेव्हा मुलं कामात असतात. बाई भिंतीकडे एक बसकर देतात आणि अर्धा तास बसू देतात. चपला बाहेर काढायच्या, फोन खिशात ठेवायचा आणि कुठल्याही मुलाला मदत करायला उठायचं नाही. सागवानी पेटी दुसऱ्या फळीवर डावीकडे आहे.