नवी म्हणून बसवलेली पंख्याची मोटर जुनीच निघाली

माझे 8,400 रुपये गेले, ते गेलेच. पण त्यापायी सत्तरीतली आई भर उन्हात घाटात अडकली, ते अजून मनातून जात नाही. म्हणून लिहितोय.

बाबांची 2005 ची वॅगनआर. एप्रिलमध्ये इंदूरला राजवाड्याच्या गर्दीत उभं राहिलं की तापमानाचा काटा चढायचा आणि बायपासला लागलं की आपोआप उतरायचा. दुखणं तिथेच ओळखायला हवं होतं. गाडी पळते तेव्हा रेडिएटरला समोरून वारा मिळतो; उभी राहिली की सगळी मदार पंख्यावर. म्हणजे आधी पंख्याकडे बघायचं.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "भाईसाहब, मोटर जल गई। हेड गॅस्केट भी जाने वाला है।" हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली सील; ती गेली तर इंजिनच उघडावं लागतं. ते नाव ऐकून मी घाबरलो आणि हो म्हणून बसलो. निदान ऑइलची पट्टी काढून ऑइल पाणी मिसळून दुधाळ झालंय का, एवढं तरी बघायचं! संध्याकाळी त्याने पंखा फिरताना दाखवला आणि पैसे घेतले. जुनी मोटर मागितली तर म्हणे भंगारात गेली. बिल साध्या कागदावर.

मे महिन्यात आईला घेऊन ओंकारेश्वरला निघालो. सिमरोल सोडलं आणि भेरूघाटात ट्रकांची रांग लागली. आधी जळक्या प्लास्टिकचा वास आला, मग काटा लालवर, मग वाफ. मी रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तेवढ्यात एका ट्रकवाल्याने माझा हात धरला. उकळतं पाणी दाबाखाली असतं, तोंडावरच उडालं असतं. आई डोक्यावर पदर घेऊन दोन तास कडेच्या दगडावर बसून होती. एका शब्दाने बोलली नाही.

गाडी ओढून आणली आणि रामबागेतल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनना दाखवली. त्यांनी मोटरला बॅटरीतून थेट दोन वायरी लावल्या; मोटर झकास फिरली. मग फ्यूज बघितला, तो शाबूत. रिले, म्हणजे पंख्याचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, काढून त्याच जातीचा दुसरा लावला, इंजिन चालू ठेवलं, आणि काटा मध्याच्या जरा वर जाताच पंखा आपोआप सुरू झाला. दोष फक्त रिलेचा. नवा 250 रुपयांत आला.

मग त्यांनी मोटरवरून नख फिरवलं. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला, खाली गंज आणि वर्षानुवर्षांचा चिखल. आमचीच जुनी मोटर, रंग मारून परत बसवलेली! पंखा फिरत होता, कारण इग्निशनमधून बारीक वायर टाकून तो डायरेक्ट केला होता, मध्ये फ्यूजसुद्धा नाही. तीच वायर घाटात वितळली. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट वॉल्वही काढून टाकलेला. त्यामुळे इंजिन वेळेवर तापत नव्हतं आणि महिनाभर पेट्रोल जास्त जात होतं.

पंखा बंद पडला तर मोटरला थेट करंट देऊन दाखवा, असं तोंडावर सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून गाडी परत न्या. काढलेला पार्ट गाडी सोडतानाच मागून ठेवा. "डायरेक्ट करून देतो" म्हणाला तर साफ नाही म्हणा. आणि पक्कं बिल घ्या. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करायचा झाला, तर माझ्यासारखा नुसता चिठोरा हातात नको.

गॅरेजवाल्याने कानावर हात ठेवले. आई अजूनही गाडीत बसली की आधी वाकून काट्याकडे बघते.