स्वस्तातली मर्लो: काही महिन्यांच्या वापरानंतर

सातशे ते दीड हजार रुपयांतल्या मर्लोला (याच नावाच्या द्राक्षाची रेड वाईन) मुंबईत नावं ठेवली जातात, त्यातली निम्मी तक्रार वाईनची नसून तापमानाची असते. रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. आपल्याकडे खोलीतच तीस अंश असतात. तेवढ्या गरम मर्लोत आधी अल्कोहोलच नाकात जातं, फळाचा वास मागे पडतो आणि चव सैल लागते. हीच बाटली १५-१६ अंशांवर पिऊन बघा. फ्रिजमध्ये दीड-दोन तास लागतात, बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात. ग्लास एक तृतीयांशच भरा, कारण ओतल्यावर ती भराभर तापते.

चव घेताना हलवण्याआधी एकदा वास घ्या, मग ग्लास फिरवून पुन्हा. चांगल्या स्वस्त मर्लोत आलुबुखार आणि काळी चेरी येते, कधी जांभूळ. ढोबळी मिरचीचा हिरवा वास जास्त असेल तर द्राक्षं पुरती पिकायच्या आत तोडलेली असण्याची शक्यता मोठी. उलट शिजवलेल्या जॅमसारखा वास आला तर बाटली बहुधा उन्हात किंवा गरम गोदामात राहिली आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास हा बुचाचा दोष. तो कितीही वेळ ठेवून जात नाही, बाटली परत करावी.

घोट पाच-सात सेकंद तोंडात घोळवा. हिरड्या आणि गाल कोरडे पडतात तो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या द्रव्याचा तुरटपणा, लाळ सुटते ती आम्लता. कॅबरने सोव्हिन्योन या दुसऱ्या रेड वाईनपेक्षा मर्लोचं टॅनिन मऊ असतं, नवख्याला ती सोपी जाते ती म्हणूनच. गोडी खरी की फळाच्या वासाने वाटणारी, हे ओळखायचं तर नाक दाबून घोट घ्या. तरीही गोड लागली तर साखर शिल्लक आहे. या किमतीत व्हॅनिला आणि लवंग (हे वास ओकच्या लाकडाचे) फळापेक्षा वर आली की मला ती बाटली नको वाटते. लाकडाने झाकण्यासारखं काहीतरी खाली असतं, असा माझा (थोडा खडूस) समज आहे.

चिलीच्या बाटल्यांची एक गंमत. तिथे मर्लो म्हणून लावलेल्या वेलींपैकी बऱ्याचशा कार्मेनेर या दुसऱ्याच द्राक्षाच्या निघाल्या, हे १९९४ मध्ये कळलं. त्यामुळे जुन्या चिलियन मर्लोच्या वर्णनातला ढोबळी मिरचीचा वास किती मर्लोचा होता, कोण जाणे. नाशिककडच्या बाटल्या निराळ्या: द्राक्षतोड साधारण जानेवारी ते मार्च, उन्हं वाढली की साखर झपाट्याने चढते आणि आम्लता उतरते. त्या मला थोड्या जास्त थंड, १४ अंशांवर आवडतात.

दुकानात काचेजवळ किंवा दिव्याखाली उभी ठेवलेली बाटली घेऊ नका. बूच वर सरकलेलं किंवा गळ्याशी चिकट वाटलं तरी नको. वर्ष बघा, ही वाईन साठवायची नसते, तीनेक वर्षांच्या आतली बरी.

जेवणात मालवणी तिखटाशी भांडण होतं, अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं. बांगड्याबरोबर तर तोंडात लोखंडी, मासळी वास उरतो. वाईनमधल्या लोहाचा तो परिणाम. कमी तिखटाचा खिमा, मटण कटलेट, मशरूम मात्र छान जमतात.

उरलेली वाईन लगेच छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस टिकते. चौथ्या दिवशी फळ गेलेलं असतं, मग ती मटणाच्या रश्श्यात घाला.