चिपी की मोपा? एका कुडाळवाल्याचा हिशोब

गणपतीला गावी यायचंय आणि कोकण रेल्वेचं तिकीट वेटिंगवर लटकलंय, की आमच्याकडे दरवर्षी हाच विषय, चिपीला, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गच्या विमानतळावर उतरायचं, की मोपाला, म्हणजे उत्तर गोव्यातल्या. मी दोन्ही करून बघितलंय. घर कुडाळजवळ, त्यामुळे हिशोब कुडाळचा. सावंतवाडी-बांद्यावाल्यांनी वाचायचीपण गरज नाही, त्यांच्या तर अंगणातच मोपा.

विमानातल्या वेळेवर जाऊ नका. मुंबईहून सरळ रेषेत चिपी साधारण ३५० किमी आणि मोपा ३९० च्या आसपास, पण चिपीला मी आलो ते पंख्याचं छोटं एटीआर होतं आणि मोपाला जेट, म्हणजे हवेत दोन्हीकडे सव्वा तासाच्या आगेमागेच. खरा फरक उतरल्यावर. चिपीहून घर पाऊण तासात, पाट-परुळ्याकडचा वळणावळणाचा रस्ता. मोपाहून तासभर तरी, पण तो सगळा चौपदरी हायवे, आणि धारगळहून जोडरस्ता झाल्यापासून पेडण्याच्या गल्लीबोळात शिरावं लागत नाही.

कागदावर चिपीच जिंकतं. २०२१ च्या ऑक्टोबरात ते सुरू झालं तेव्हा आम्ही किती खूश होतो! सड्यावर उतरताना खाली कर्लीची खाडी दिसते, बाहेर आलं की पाच मिनिटात बॅग हातात, गर्दी नाही, काही नाही. अजूनही मनातून मला तेच आवडतं.

पण एका चतुर्थीला मी बॅगा घेऊन मुंबईत विमानतळावर पोचलो आणि मोबाइलवर मेसेज, फ्लाइट रद्द. कारण नीट कोणी सांगेना, पुढचं विमान कधी तेही नाही. तिकडे बाबा गाडी घेऊन चिपीला कधीचे जाऊन बसलेले, फोनवर विचारतायत "खय पोचलंस रे?" आणि मी अजून मुंबईतच. शेवटी रात्रीची बस पकडली, सकाळी घरी पोचलो तेव्हा गणपती बसून आरती पण झाली होती. पैसे मिळाले परत, पण ती आरती राहिली ती राहिलीच.

मोपाला असं होणारच नाही असं मी म्हणत नाही, पावसात कुठेही होऊ शकतं. पण तिथे दिवसाला बरीच विमानं असतात, एक गेलं तर दुसरं बघता येतं. चिपीची मुंबई सेवा मधेमधे बंदच पडते, म्हणून आधी चालू आहे का बघा, मग अंतराचं बोलू.

मालवण, देवबाग, परुळेवाल्यांनी चिपीचं विमान असेल तर तेच घ्यावं, मोपाहून त्यांना उलटा फेरा पडतो. मी मात्र सणावाराला मोपाच धरतो. फक्त घरची गाडी येणार नसेल तर टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, राज्याची हद्द मधे आहे, ऐनवेळी भाड्यावरून घासाघीस करत बसायला नको.