बर्गर चार मिनिटांचा, ब्रिस्केट चौदा तासांचं: नव्या बार्बेक्यू हॉटेलचा सात महिन्यांनंतरचा अनुभव

हॉटेल उघडून सात महिने झाले. आठवड्याचे सगळे वार आणि दुपार-संध्याकाळच्या सगळ्या वेळा खाऊन झाल्यावर निकाल असा, की इथं काय मागवायचं यापेक्षा ते किती वाजता मागवायचं याला जास्त महत्त्व आहे. एका छपराखाली दोन वेगळी स्वयंपाकघरं चालतात. बर्गर ऑर्डर आल्यावर तव्यावर पडतो आणि चार-पाच मिनिटांत ताटात येतो. ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, मात्र आदल्या रात्री धुरावर चढवावं लागतं, म्हणजे उद्या किती लोक येतील याचा अंदाज आजच बांधावा लागतो. नव्या हॉटेलाचा हा अंदाज चुकतोच. पहिले दोन महिने कधी संध्याकाळी सातलाच ब्रिस्केट संपायचं, तर कधी कालचं उरलेलं गरम करून समोर यायचं. आता ‘आजचं संपलं’ अशी पाटी सरळ लागते. गिऱ्हाईक नाराज होतं खरं, पण बार्बेक्यूच्या दारात ही पाटी म्हणजे चांगली खूण समजावी.

आधी ब्रिस्केट, कारण या जागेची खरी परीक्षा तिथंच होते. हा छातीचा भाग, सतत ताण घेणारे स्नायू, त्यामुळे चिवट तंतूंनी भरलेला. ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या धुरात तो बारा-चौदा तास राहतो. मांसाचं आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या आसपास आलं की थर्मामीटरचा काटा अडून बसतो. मांसाला घाम सुटतो, तो घाम वाळताना जितकी उष्णता मिळते तितकी खर्च होते, आणि हे कित्येक तास चालू शकतं. घाईतला आचारी फसतो तो इथंच. जाड कागदात गुंडाळलं तर ही अडचण लवकर सुटते आणि वरची काळी खरपूस पापडीही टिकते. फॉइलमध्ये गुंडाळलं तर आणखी लवकर होतं, पण वाफेत पापडी भिजून मऊ पडते. आतून ९३ ते ९६ अंशांवर तंतूंमधलं कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळून मऊ जिलेटिन होतं, सळई लोण्यात घुसावी तशी आत जाते, आणि मग निदान दीड-दोन तास तरी ते विसावायला हवं.

सुरुवातीच्या आठवड्यांत इथलं ब्रिस्केट कोरडं आणि चिवट लागायचं. बहुतेकांची तक्रार ‘जास्त शिजवलंय’ अशी होती, पण लक्षणं उलटी होती. जास्त शिजलेलं मांस भुगा होऊन पडतं. दातात ताणलं जाणारं मांस कच्चं राहिलेलं असतं, त्यातलं कोलॅजन अजून विरघळलेलंच नसतं. ओळखायची सोपी रीत अशी: पेन्सिलीएवढ्या जाडीचा काप बोटावर आडवा टाका. तो दोन्ही बाजूंनी लवून लोंबला, तुटला नाही, आणि दोन टोकं धरून हलकेच ओढल्यावर तंतूंच्या रेषेत सुटला, तर बरोबर जमलंय. रबरासारखा ताणला तर कमी शिजलंय, लोंबतानाच तुटला तर जास्त. कापांच्या जाडीकडेही लक्ष ठेवा. कच्चं राहिलेलं लपवायला काप पातळ होतात, जास्त झालेलं लपवायला जाड. चौथ्या महिन्यापासून इथले काप बहुतेक दिवशी एकाच जाडीचे येतात, हे मोठंच सुधारलंय.

मागताना नुसतं ‘ब्रिस्केट’ म्हणू नका. त्याचे दोन थर असतात. एक सपाट आणि कमी चरबीचा, दुसरा त्याच्यावरचा जाड, चरबीदार. दोन्हींचे तंतू वेगवेगळ्या दिशेनं जातात, म्हणून कापणाऱ्यानं मध्येच तुकडा फिरवायचा असतो. इथला दुपारचा कापणारा तो फिरवतो, रात्रीचा फिरवत नाही, आणि मग चरबीदार भागाचे काप तंतूंना समांतर येऊन उगाच चघळत बसावं लागतं. चरबीदार बाजू मागा, आणि काप तुमच्यासमोर पडू द्या. कापलेलं ब्रिस्केट काही मिनिटांतच वरून सुकतं आणि करडं पडतं. शनिवार-रविवारी आठनंतर आधीच कापून ट्रेमध्ये ठेवलेलं वाढतात. त्या वेळी ते मागवूच नये.

वजनावर विकतात म्हणून पुष्कळ लोक कुरकुरतात. पण चरबी छाटून, पाणी आटून, सहा किलो कच्च्यातून हातात जेमतेम तीन-साडेतीन किलो येतं. माणशी २०० ग्रॅम, सोबत दोन साइड डिश, एवढं मोठ्या भुकेलाही पुरतं. चौघांना ‘सगळं थोडं थोडं’ असं मोठं ताट घेण्यात शहाणपण नाही. त्यात सॉसेज आणि कोंबडीच जास्त भरतात.

कापाच्या कडेची गुलाबी पट्टी पाहून फार हुरळू नका. धुरातले वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी जोडले गेले की तो रंग पक्का होतो, पण तिच्यावरून चव कळत नाही. कोंबडीतही हीच गुलाबी झाक हाडाजवळ दिसते आणि लोक कच्ची म्हणून परत पाठवतात. शंका आली तर थर्मामीटर लावून दाखवायला सांगा. ७४ अंश असेल तर निर्धास्त खा. इथले लोक न कुरकुरता लावून दाखवतात, याचे गुण द्यायलाच हवेत.

धुराची चव मात्र जिभेला लगेच कळते. पहिल्या महिनाभरात रिब्जवर (बरगड्यांवर) एक कडवट, जिभेला बधीर करणारी चव यायची. ओलं लाकूड टाकलं किंवा हवा कोंडली की जळण नीट पेटत नाही, पांढरा दाट धूर निघतो आणि त्यातलं काजळीसारखं द्रव्य मांसावर बसतं. सुकं लाकूड, मोकळी हवा आणि जेमतेम दिसणारा निळसर धूर असला की हे होत नाही. मागच्या अंगणातल्या चिमणीकडे येता-जाता नजर टाका. पांढरे लोट दिसले तर त्या दिवशी बर्गर खा.

रिब्जबद्दल मेनूत फुशारकीनं लिहिलंय, ‘हाडावरून आपोआप गळून पडतात’. जाणकार याला दोष मानतात. बरोबर झालेल्या रिबला चावा घेतला की चाव्यापुरतंच मांस निघतं, अर्धचंद्रासारखी खूण राहते आणि उरलेलं मांस हाडाला धरून बसतं. तीन तास धुरात, दोन तास फॉइलमध्ये, एक तास सॉस लावून, हा प्रसिद्ध हिशेब मोठ्या, चपट्या रिब्जचा आहे. इथं वापरतात त्या पाठीकडच्या लहान रिब्ज, आणि बहुधा त्यांनाही तोच हिशेब लागतो, म्हणून त्या लगदा होतात. शिवाय हाडांच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा आधी सोलून काढायचा असतो. तो राहिला की ओला कागद चावल्यासारखं वाटतं. अलीकडेही दोनदा तो तसाच आला.

कोंबडीचं दुखणं वेगळं होतं. कमी आचेच्या धुरात कातडी रबरासारखी होते, तिच्यातली चरबी वितळतच नाही. आता शेवटची काही मिनिटं ते निखाऱ्यावर धरतात आणि कातडी कुरकुरीत येते. एवढ्या साध्या गोष्टीला चार महिने लागले!

अमेरिकेतल्या वेगवेगळ्या भागांच्या सॉसच्या चार बाटल्या टेबलावर असतात. टोमॅटो आणि काकवीचा गोड, दाट कॅन्सस सिटीच्या धर्तीचा, व्हिनेगर-मिरचीचा पातळ नॉर्थ कॅरोलायनाचा, मोहरीचा पिवळा साउथ कॅरोलायनाचा, आणि अलाबामाचा मेयोनेजवाला पांढरा. ब्रिस्केटला टेक्सासच्या रीतीप्रमाणे काहीच लावू नका. व्हिनेगरचा सॉस डुकराच्या खांद्याच्या मांसावर घाला, त्यातली चरबी तो कापतो. पांढरा कोंबडीसाठीच आहे. गोड सॉस फ्राइजसोबत बरा.

आता बर्गर. दोन प्रकार मिळतात: एक जाड पॅटीचा (खिम्याच्या टिक्कीचा), दुसरा तव्यावर दाबलेल्या दोन पातळ पॅट्यांचा. दुसराच घ्या. त्यासाठी साधारण ७० ग्रॅम खिम्याचा थंड गोळा कडक तापलेल्या तव्यावर टाकून पहिल्या अर्ध्या मिनिटातच जोरात दाबतात. चरबी अजून घट्ट असते, म्हणून रस बाहेर जात नाही आणि खालचा सगळा पृष्ठभाग तव्याला चिकटून तपकिरी होतो. यानंतर पुन्हा दाबलं की रस तव्यावर गेला. दीड-दोन मिनिटांनी धारदार पात्यानं खरवडून उलटायचं, चीज ठेवायचं, अर्ध्या मिनिटात उतरवायचं. चांगल्या दिवशी इथल्या पॅटीची कड जाळीदार, जवळजवळ पारदर्शक होते आणि बनच्या बाहेर डोकावते. बर्गर उचलण्याआधी ती कड मोडून खावी, सगळी मजा तिथं आहे.

वाईट दिवशी पॅटी करडी आणि उकडल्यासारखी येते. कारण गर्दी. एकदम वीस थंड गोळे टाकले की तव्याचं तापमान कोसळतं, सुटलेलं पाणी उडून जात नाही आणि मांस त्याच पाण्यात शिजतं. साडेसातच्या आत किंवा साडेनऊनंतर बर्गर घेतला तर हा त्रास होत नाही.

जाड बर्गरचा दोष वेळेचा नाही, कृतीचा आहे. चावल्यावर तो सॉसेजसारखा स्प्रिंग देतो. मीठ आधीच खिम्यात मिसळून मळलं की प्रथिनं विरघळून एकमेकांना चिकटतात. मीठ फक्त बाहेरून, तव्यावर टाकायच्या क्षणी लागतं. वर वाढणारा विचारतो, ‘आतून गुलाबी ठेवू का?’ नको म्हणावं. अखंड तुकड्याचे जंतू पृष्ठभागावर असतात आणि शेकताना मरतात, पण खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात. तिथं आतून निदान ७१ अंश गाठलेलेच बरे.

बन बदलला हे उत्तम झालं. आधीचा उंच, गोड, लोणीदार बन रसानं चौथ्या घासालाच फाटायचा. आताचा बटाट्याच्या पिठाचा, बुटका, कापलेल्या बाजूनं लोण्यात शेकलेला आहे. टोमॅटो अजूनही पॅटीच्या खाली ठेवतात. लेट्यूस खाली आणि टोमॅटो वर मागितला तर तळाचा बन कोरडा राहतो. चीज साधं प्रोसेस्डच घ्या. त्यातल्या क्षारांमुळे ते न फुटता वितळतं, तर मुरवलेलं चेडर तव्यावर तेल सोडतं. ब्रिस्केट घातलेला बर्गर बहुतेक उरलेल्या तुकड्यांचा असतो. त्यात वावगं काही नाही, टोकाचे खरपूस तुकडे तिथंच शोभतात, पण गोड सॉस वेगळा मागा.

शाकाहारींनी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. मशरूमचा बर्गर चवीला छान आहे, पण तो त्याच तव्यावर, त्याच उलथन्यानं होतो. फ्राइजच्या तेलात कोंबडीही तळतात. गोडसर बीन्समध्ये ब्रिस्केटचे तुकडे असतात आणि मेनूत तसं लिहिलेलं नाही. वेगळा तवा मागितला तर दुपारी देतात, गर्दीत नाही म्हणतात. निदान खोटं बोलत नाहीत.

फ्राइज दोनदा तळतात, आधी मंद तेलात आतून शिजेपर्यंत, मग १८० अंशांच्या आसपास कुरकुरीत व्हायला. बर्गरसोबत येतात तेव्हा फक्कड. घरी मागवल्या तर झाकणबंद डब्यात स्वतःच्याच वाफेनं मऊ पडतात. बर्गरचंही तेच होतं, डबा किंचित उघडा ठेवायला सांगा. घरी न्यायला ब्रिस्केट सगळ्यात चांगलं, पण न कापलेला तुकडा घ्या. फॉइलमध्ये चमचाभर पाणी घालून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये आतून ६५ अंशांपर्यंत गरम करा, आणि मगच कापा.

बसायची जागा ऐसपैस आहे, पण धुराचा वास कपड्यांना लागतो. गाणी मोठ्यानं. खिडकीकडची टेबलं बरी.

एक गोष्ट सात महिन्यांत हललेली नाही: कोलस्लॉ. कोबी चिरून, मीठ लावून, पाणी निथळून मग सॉस घालायचा असतो. इथं सकाळीच सगळं एकत्र कालवतात. बारा वाजता ते करकरीत असतं, संध्याकाळी वाटीच्या तळाशी बोटभर पांढरं पाणी. रात्री गेलात तर त्याऐवजी लोणच्यातली काकडी मागा, फुकट देतात.