दाजीपूर की चांदोली? कोल्हापुरातनं एका दिवसाचं जंगल

होळी झाली की आमच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतोय, जंगलात जायचंय, दाजीपूर करू का चांदोली. दोन्ही पहाटे निघून रात्री जेवायला घरी अशा अंतरावर, दोन्हीकडं गवा, दोन्हीकडं शेकरू, दोन्ही २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत, त्यामुळं नुसती माहिती वाचून ठरवायला बसलात तर काही ठरायचं नाही. मी दोन्ही केलंय, पण खाली लिहितोय ते फक्त फाल्गुन-चैत्राचं, थंडीतलं गणित वेगळं असतंय.

दाजीपूरचं आधी, कारण मान त्याचा. आधी हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान, मग १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं राज्यातलं पहिलं अभयारण्य, पुढं वाढवून राधानगरी अभयारण्य झालं तरी आपल्या तोंडात दाजीपूरच. रस्ता सरळ, राधानगरीत गरम नाष्टा मिळतोय, आणि कोल्हापुरात पंखा पाचवर असतो त्या दिवसांतसुद्धा इथं सकाळी जर्किन लागतं. झाडी दाट, वर आभाळ दिसणार नाही अशी. ह्या दिवसांत अंजनी फुललेली असते, निळी-जांभळी फुलं थेट फांदीला चिकटून, लांबनं बघितलं तर कुणी फांद्यांना रंग लावलाय असं वाटावं. पक्षी बघणाऱ्याला तर हेच जंगल सांगेन, त्यात वाद नाही. धनेशाच्या विणीचा हा सीझन, मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर उंबराची फळं आणून एकेक करून त्या फटीतनं आत देतो. गाईडनं आम्हाला लांबनं एकदा दाखवलं होतं, नर येऊन बसला, मान मागं टाकली, गळ्यातनं एक फळ वर काढलं, दिलं, परत दुसरं काढलं. मागं बसलेले आमचे दाजी, जे एरवी गाडीत झोपतात, तेसुद्धा दुर्बीण सोडेनात.

मग अडचण कुठं आली, तर पुढच्या गाडीत.

आता हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण जो सुट्टीच्या दिवशी गेलाय त्याला कळेल. आतला रस्ता कच्चा, लाल मातीचा, मार्चमध्ये त्याचं पार पीठ झालेलं असतं आणि तुमच्या पुढं एक गाडी असते. ती गेली की दहा मिनिटं तुम्हाला झाड दिसत नाही, दातात माती, लेन्सवर माती, आणि गवा जो काय दिसायचा तो त्यांना समोरनं दिसतो आणि तुम्हाला शेपटी वर करून कारवीत घुसताना. वर त्या गाडीत कुणीतरी "एऽ गवाऽ गवा!" म्हणून ओरडणारा असतोच, चिवड्याची पुडी फिरत असते, गाईड बिचारा हळू हळू म्हणत राहतो. एकदा आम्ही मुद्दाम मागं थांबलो, म्हटलं धुरळा बसू दे, पाखरं परत बोलायला लागतील, तर मागनं दुसरी गाडी आली आणि हॉर्न मारायला लागली. जंगलात हॉर्न! मला वाटतं तिथंच माझं ठरलं. वीकडेला गेलं तर हा ताप बराच कमी होतो हेही खरं, पण नोकरीवाल्यानं मार्च एंडिंगला वीकडे आणायचा कुठनं.

चांदोलीला हा ताप कमी, कारण लोकच कमी जातात, आणि का कमी जातात ते पण सांगतो. बांबवडे, कोकरूड, आरळा करत मणदूरला पोचायचं, सीझन असेल तर वाटेत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं. आरळ्याच्या पुढं पोटाला काही मिळेल ह्या भरवशावर राहू नका, भाकरी-खर्डा घरनं घ्या. आत सडे, म्हणजे जांभ्याची पठारं, उघडे, जांभा तापला की अकरानंतर बसवत नाही, आणि झाडी दाजीपूरएवढी गच्च नाही. जनावर दिसतं ते बहुतेक लांब, दुर्बीण नसेल तर गवा आणि खडक यात फरक करत बसाल.

पण उघडं रान आहे म्हणूनच मला ते आवडतं. वारणेवरच्या वसंतसागर जलाशयाच्या कडेकडेनं ३१७ चौरस किलोमीटरचं हे उद्यान, त्यातली गावं उठून बाहेर वसली आणि त्यांची भातखाचरं आता कुरणं झाली. झोळंबीच्या बाजूला जुन्या घरांची जोती अजून दिसतात, कुणाच्या तरी परड्यातला आंबा कैऱ्यांनी लगडलेला आणि त्याखाली सांबराच्या लेंड्या. कैऱ्या खायला आता तेच येतात. कुरणाच्या कडेला पांगारा लालभडक, त्यावर पळसमैनांचा कालवा. तिथं गाडी बंद करून बसलो होतो, समोर गव्यांचा कळप, एक नर थोडा अलीकडं, पायात ते पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, पाठीवर एक साळुंकी. वारा आमच्याकडं होता म्हणून असेल, तो गवत उपटतो त्याचा करकर आवाज येत होता. अर्धा तास झाला असेल, कुणी आलं नाही, कुणी ओरडलं नाही.

वाघाचं विचाराल तर चांदोली-कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, बोर्डावर वाघ आहे, पण तो दिसायच्या आशेनं जाऊ नका, त्यासाठी ताडोबा हाय की. रानकुत्र्यांचं मात्र नशीब असू शकतं.

तर आई-वडील, लहान पोरं बरोबर असतील, किंवा पक्ष्यांचं वेड असेल तर दाजीपूर, आणि जमलं तर आडवारी. दोघं-तिघंच असाल, सुट्टीचाच दिवस हातात असेल आणि चार जनावरं कमी दिसली तरी चालणार असेल तर माझ्या मते चांदोली बघा, अर्थात ज्याची त्याची आवड. गाईड दोन्हीकडं घ्या. गेट, गाड्या, फी यांचे नियम बदलत राहतात, आदल्या दिवशी फोन करूनच निघा, आणि चांदोलीला जाणार असाल तर पहाटे चारला कोल्हापूर सोडा, सहाला निघालात तर तुमच्या वाट्याला ट्रॉल्या आणि ऊन एवढंच येईल.