गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला जाताय? सामान भाड्याने की विकत

दुकानांतला ‘संपूर्ण बिगिनर किट’ विसरा. एकेक वस्तू वेगळी बघा.

बोर्ड भाड्याचाच बरा. शिकताना हनुवटी ते नाक एवढ्या लांबीचा, मऊ बोर्ड लागतो आणि जरा सराव झाला की तोच अपुरा वाटतो. शिवाय दीड मीटरची पिशवी विमानातून नेण्याचा खर्च वेगळा. भाड्याने घेताना बोर्डाच्या धातूच्या कडेवरून नख आडवं ओढा: नख खरवडलं गेलं तर धार आहे. बोथट कड कडक बर्फावर घसरते. बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पकडीचे, स्क्रू आणि पट्ट्यांचे दातेही तपासा.

बुटांचं गणित उलटं. भाड्याच्या बुटांचं अस्तर अनेक पायांनी दबून सैल झालेलं असतं. टाच उचलली गेली की पावलाचा जोर बोर्डापर्यंत पोचत नाही आणि वळण चुकतं. सरळ उभं राहिल्यावर बोटं टोकाला जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर मागे सरकावीत. मोजा एकच घाला. दोन घातले की घड्या पडून पाय सोलतो.

हेल्मेट मात्र स्वतःचंच हवं. भाड्याच्या हेल्मेटने आधी किती मार खाल्लाय ते बाहेरून कळत नाही. नवशिक्याच्या बोर्डाची टाचेकडची कड बर्फात अडकते, तो पाठीवर पडतो आणि डोकं आपटतं. पुढे पडला तर हात टेकतो, मनगट मोडतं. म्हणून मनगटाचे गार्डही विकतच घ्या.

एकदाच आठवडाभर जाणार असाल तर हेल्मेट आणि गार्ड विकत, बाकी सगळं भाड्याने. दर हिवाळ्यात जाणार असाल तर आधी बूट घ्या, बोर्ड पुढच्या हंगामात.